गाडीची खांदेमळणी

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच मोटार घेतली आणि तीही बैल घ्यावा तशी घेतली. पूर्णेला रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आपली जुनी पांढरी अँबेसिडर काढणार आहेत, असं त्यांच्या कानावर आलं होतं. मी परभणीला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो, म्हणून त्यांनी मला सोबत नेलं. तिथे पोचल्यावर त्यांनी मला खुर्ची दाखवली, 'च्या घे' म्हणाले, आणि माझं काम तिथेच संपलं.

पुढचा तासभर वडील गाडीभोवती फिरत होते. आमच्या भागात बैलाची पारख करावी ती वडिलांनीच. बाजाराला निघालेली माणसं वाट वाकडी करून त्यांना घ्यायला यायची. भोवरा कुठे आहे, दात किती झालेत, चालताना मागचा पाय पुढच्या पावलात पडतो की नाही, हे सगळं ते न बोलता बघत. त्या दिवशी त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि बराच वेळ ठेवून दिला. लांब जाऊन दोन्ही दिवे निरखले. मागे जाऊन डिकी थोपटली. मग मालकाला गाडी वीसेक पावलं सरळ न्यायला सांगून स्वतः उकिडवे बसले आणि धुळीतल्या चाकोऱ्या बघू लागले. मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेनेच गेलं होतं. मोटारीचं चाक सहसा तसंच जातं, पण वडिलांना फार समाधान वाटलं.

"म्होरून भरलेला हाय," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अन् नजर गरीब हाय. मारका न्हाई."

"दादा, इंजिन बघू का?"

"बघ की. पर आदी जनावर बघावं."

इंजिन मी बघितलं. त्याबद्दल मी काही बोललो नाही, कारण तोवर सौदा झालेला होता.

हे असं का झालं ते सांगायला हवं. आमच्या घरी शेवटची बैलजोडी म्हातारी होऊन दावणीलाच मेली. राबलेला बैल बाजारात न्यायचा नाही, असा वडिलांचा नियम होता. एक पौषात गेला, दुसरा त्याच्या मागोमाग उन्हाळ्यात. शेतीला तोवर भाड्याचा ट्रॅक्टर लागला होता, त्यामुळे नवी जोडी घ्यायला काही निमित्तच उरलं नव्हतं. पण वडील पहाटे उठायचे, टोपलीत वैरण भरायचे, गोठ्यापर्यंत जायचे आणि भरलेली टोपली घेऊन परत यायचे. मी सुट्टीला घरी होतो तेव्हा हे तीनदा बघितलं.

मग गाडी आली. वडिलांनी गोठ्यावर नवे पत्रे टाकले, जमीन सारवून घेतली, गव्हाणी मात्र तशाच ठेवल्या. गावात 'बैल गेला अन् झोपा केला' ही म्हण त्या आठवड्यात जेवढी वापरली गेली तेवढी आधीच्या दहा वर्षांत वापरली गेली नसेल. वडिलांना त्याचं काही वाटलं नाही. ते गाडीला 'त्यो' म्हणत. आई 'ती' म्हणे. मी नोकरीच्या सवयीने 'वाहन' म्हणायचो आणि माझ्याकडे दोघंही दुर्लक्ष करायचे.

जुन्या गाड्या जमवणारी माणसं असतात. नांदेडहून, एकदा तर थेट पुण्याहून, असे लोक आमच्या अंगणात येऊन गेले. त्यांनी फोटो काढले, हात फिरवला, आणि काका, या गाडीत तुम्हाला नेमकं काय आवडतं, असं विचारलं. मला वाटलं वडील काहीतरी खोल बोलतील. ते म्हणाले, "डोस्क्याला लागत न्हाई." हे अगदी खरं होतं. वडील डोक्याला पटका बांधतात. माझ्या छोट्या गाडीत बसताना त्यांना पटका सोडून मांडीवर घ्यावा लागतो आणि खुराड्यात शिरल्यासारखं शिरावं लागतं. अँबेसिडरचं दार उघडलं की सीट बरोबर बैलगाडीच्या साटीएवढ्या, म्हणजे तिच्या बैठकीएवढ्या उंचीवर येते. माणूस धोतराचा सोगा सावरून आडवा टेकतो आणि मग पाय आत घेतो. मान खाली घालावी लागत नाही. पुण्याचे लोक हे लिहून न घेता गेले.

माझं मत विचाराल तर, लोक गाडीच्या प्रेमात पडतच नाहीत. हाताला एका कामाची सवय लागलेली असते, ते काम जातं, आणि हात मोकळा राहतो. त्या हातात जे बसेल ते माणूस धरतो. माझ्या वडिलांच्या हाताला सकाळी एका मोठ्या, उबदार, न बोलणाऱ्या अंगावरून फिरायची सवय होती. गाडी सुरू करून बंद केली की बॉनेट चांगलं तापतं आणि थोडा वेळ आतून टिकटिक करत राहतं. वडील तेवढा वेळ हात ठेवून उभे राहायचे.

पोळ्याचा प्रश्न पहिल्याच वर्षी आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे मळतात. वर्षभर जू घासून खांदा घट्टा पडून निबर झालेला असतो, तिथे लोणी आणि हळद चोळायची आणि त्याच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. वडिलांनी ते गाडीला केलं. बॉनेटला लोणी-हळद लावली, आरशाशी तोंड नेऊन आवतन दिलं. दुसऱ्या दिवशी दिव्यांना गोंडे बांधून गाडी मारुतीच्या देवळापाशी नेली. लोक हसले. दुसऱ्या वर्षी कमी हसले. तिसऱ्या वर्षी पंचांनी ठरवून टाकलं की सगळे बैल फिरून झाले की शेवटी गाडी, आणि तेव्हापासून तो तिचा मान झाला. पुरणपोळी बॉनेटवर ठेवत, ती कुत्रं खात असे. आई म्हणायची, "लोनी आदी बैलानं खाल्लं, आता लोखंड खायलंय. मानसाचा नंबर कदी यायचा ते सांगा."

इथवर सगळं ठीक होतं. मग वडिलांचे डोळे गेले. पूर्ण नाही. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा काढायला ते तयार होईनात, आणि ताडकळसच्या बाजाराला गाडी स्वतःच न्यायचे. दिवाळीनंतर एकदा त्यांनी ती शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीत घातली. कुणाला लागलं नाही. मी परभणीहून धावत आलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "त्यो कडब्याकडं वळला." आई म्हणाली, "भूक लागली आसंल."

मला हसू आलं नाही. त्या गंजीच्या सावलीत दुपारी बाया शेंगा फोडत बसतात. त्या दिवशी बसल्या नव्हत्या, एवढंच. वडिलांच्या हातून चावी घ्यायला हवी होती आणि ती घेणारा घरात माझ्याशिवाय कुणी नव्हता. मी आठ महिने रोज ठरवायचो आणि रोज गप बसायचो. ज्या माणसाला मी कधी उलटून बोललो नाही, त्याला 'आता तुम्हाला जमत नाही' हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

अशात गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली. जुन्या गाडीला आरटीओत नेऊन दाखवावं लागतं, पास झाली तर पुढची काही वर्षं चालवता येते, नाहीतर उभी राहते. वडील काळजीत पडले. मला मात्र सुटल्यासारखं झालं. गाडी नापास झाली, तर 'नाही' म्हणणारं तोंड सरकारचं असेल, माझं नसेल. हा विचार काही चांगला नव्हता, पण मी तो मनात बाळगून होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

तारीख मिळाली ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची. वडिलांनी ताडकळसचा मिस्तरी बोलावला. तो पोळ्याच्या आदल्या दुपारी आला, पुढची दोन्ही चाकं काढली, ब्रेकचे ड्रम उतरवले आणि नवे लायनर बसवले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ड्रमच्या आत दोन वाकड्या पट्ट्या असतात. त्यांना लायनर चिकटवलेलं असतं. पाय दाबला की लायनर ड्रमला आतून घासतं आणि गाडी थांबते. त्याला तेलाचा थेंब लागला तरी ब्रेक गेला. हे मी पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो आणि परीक्षेतही विचारतो.

ऊन उतरायला लागलं तसा मिस्तरी हात पुसत उठला. "काका, घरी आमच्या बी बैलाचे खांदे मळायचेत. ड्रम परवा पहाटं येऊन चढवतो," म्हणाला आणि गेला. गाडी विटांवर टेकून उभी राहिली, पुढचे लायनर उघडे.

सणाला मी घरी आलो होतो, संध्याकाळी ओसरीच्या दारात उभा होतो. वडील लोण्याची वाटी घेऊन आले. बॉनेटला लावून झालं. मग त्यांचं लक्ष उघड्या चाकाकडे गेलं. ते खाली बसले आणि त्या वाकड्या पट्टीवरून बोट फिरवत राहिले. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला स्पष्ट दिसत होतं. वर्षभर जिथे घासतं तो हाच खांदा, आणि इतकी वर्षं आपण तो सोडून पाठीला लोणी लावत आलो. बैलवाल्याच्या हिशोबाने यात काहीच चूक नव्हती. त्यांनी वाटीत दोन बोटं बुडवली आणि डाव्या चाकाच्या लायनरला लोणी-हळद चोळली. अगदी सावकाश, दोन्ही पट्ट्यांना, कडेपर्यंत.

मी बघत होतो. एकदा त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी मूग गिळून उभा राहिलो. मग ते उठून उजव्या चाकापाशी गेले.

पोळा नीट पार पडला. गाडी विटांवर असल्यामुळे तिचा मान त्या वर्षी चुकला, म्हणून वडील थोडे नाराज होते. सांगायला माझ्यापाशी अख्खा दिवस होता. मी पुरणपोळ्या खाल्ल्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मिस्तरी घाईत आला. ड्रम चढवताना तो थांबला. "सर, हे पिवळं काय दिसायलंय?"

"बसवा, उशीर होतोय," मी म्हणालो.

मी सर होतो. त्याने फडक्याने वरवर पुसलं आणि बसवलं.

चालवायला मी बसलो. तेवढा हट्ट केला. परभणीपर्यंतचा रस्ता मी बैलगाडीच्या वेगाने काढला, गिअर पाडत, हँडब्रेक ओढत, समोर शेळी दिसली की शंभर पावलं आधीपासून तयारी करत. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने हे केलं असतं तर मी त्याला वर्षभर वर्कशॉपमध्ये घेतलं नसतं. वडील शेजारी खूश होते. "सनाच्या दुसऱ्या दिवशी आसंच हाकावं," म्हणाले. "आंग जड आसतंय."

आरटीओच्या मैदानात चुन्याची रेघ मारलेली होती. तपासणारे साहेब तरुण होते, चाळिशीच्या आतले. रेघेवर ब्रेक दाबा, म्हणाले. मी दाबला. गाडी रेघ ओलांडून संथपणे पुढे गेली आणि बाभळीच्या कुंपणाशी, मागच्या चाकांच्या कृपेने, थांबली. पुन्हा करा, म्हणाले. पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी वास सुटला. आधी मंद, मग चांगला खमंग. रांगेतला एक टेम्पोवाला नाक वर करून म्हणाला, "आयला, तूप कोन कढवायलंय?"

साहेब चाकापाशी बसले, वास घेतला आणि वर माझ्याकडे पाहिलं. "ब्रेकला काय लावलंय?"

वडील दार उघडून खाली उतरले, पटका सारखा केला आणि म्हणाले, "लोनी अन् हळद, साहेब. खांदेमळनी हुती."

साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही काय करता?"

"आयटीआयला शिकवतो."

"काय शिकवता?"

"मोटार मेकॅनिक."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग माझा नाद सोडून वडिलांकडे वळले. "बाबा, आमच्याकडं बी खांदे मळतात. पण ही खांद्याची जागा नव्हं. ही येसन हाय. येसनीला लोनी लावलं तर जनावर आवरंल का?"

वडिलांचा चेहरा उतरला. असा उतरलेला मी त्याआधी एकदाच बघितला होता, दुसरा बैल गेला तेव्हा. "न्हाई आवरत," ते म्हणाले. साहेबांनी पंधरा दिवसांनी पुन्हा आणायला सांगितलं.

बाहेर चहाच्या गाड्यावर आम्ही बाकड्यावर बसलो. वडिलांनी चहा हातात धरला, प्यायले नाहीत. बैलाच्या बाबतीत त्यांना चारचौघांत कुणी चुकलात म्हणालं, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं. मला वाटलं ते त्याचंच दुःख करतायत.

"तू दारात हुतास," ते म्हणाले. "मी डाव्याला लावलं अन् तुज्याकडं बगितलं. म्हनलं, चुकलं आसंल तर बोलंल. पोरायला ह्येच शिकवतंय. तू काय बोलला न्हाईस, म्हून मंग उजव्याला बी लावलं."

माझं लक्ष नव्हतं, असं म्हणून मी सुटू शकलो असतो. त्यांनी लगेच मान्यही केलं असतं. पण त्यांचा आवाज इतका साधा होता की मला खोटं बोलवेना. "मला कळत होतं, दादा," मी म्हणालो. "गाडी नापास व्हावी असं वाटत होतं मला."

"कामून?"

"तुम्ही चालवू नये म्हणून. डोळ्यामुळं."

त्यांनी ग्लास बाकड्यावर ठेवला. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मंग तसं म्हनायचं हुतं," ते म्हणाले. "एक डाव म्हनला आसतास तर चावी दिली आसती मी."

दिली असती की नाही, मला माहीत नाही. आईचं त्यांनी कधी ऐकलं नाही, डॉक्टरांचं ऐकत नव्हते, माझंच का ऐकलं असतं? पण मी विचारलंच नव्हतं, त्यामुळे आता ते कळायला काही मार्ग नाही.

लोणी मुरलेले लायनर फेकून मी स्वतःच्या हाताने नवे घातले. पंधरा दिवसांनी गाडी पहिल्या फटक्यात रेघेवर थांबली, साहेबांनी सही केली. घरी आल्यावर वडिलांनी चावी माझ्यापुढे ठेवली आणि हात धुवायला निघून गेले. त्यावर आमचं कधीच काही बोलणं झालं नाही. रविवारी मी येतो, ते डावीकडे बसतात, आम्ही बाजाराला जाऊन येतो. गाडीवरून हात फिरवणं चालू आहे. बायांच्या गंजीची काळजी मिटली. मला जे हवं होतं ते सगळं झालं.

फक्त एक गोष्ट बदलली. पूर्वी मी नुसता जवळ उभा असलो तरी त्यांना पुरत असे. आता डोळ्यात औषधाचा थेंब घालताना, विहिरीवरच्या पंपाचं बटण दाबताना, अगदी माझ्या ताटात भात वाढतानासुद्धा ते थांबतात आणि विचारतात, "बरूबर हाय का?" आणि मी तोंडाने हो म्हणेपर्यंत त्यांचा हात तसाच वर राहतो.